चकमक पेटेल तोवर

कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पाच घरांना कुलूप, माणसं मुंबईला. सहाव्या घरात माझे वडील एकटे राहत. तळीयेची दरड कोसळल्यापासून दर पावसाळ्यात वाडीला स्थलांतराची नोटीस येते. त्या वर्षी आमच्या घरामागच्या उताराला बोटभर रुंद भेग पडली. वडिलांना खाली आणायला मी महाडहून गेले. दुसऱ्याच दिवशी ओढ्यानं गाडीरस्ता तोडला. पायवाट शाबूत होती. त्यांना आधार देत दोन तासांत उतरता आलं असतं.

"ज्या दिवशी माझी चूल माझ्या हातानं पेटणार नाय, त्या दिवशी येतो," वडील म्हणाले.

"आणि ही आगपेटी?"

"ती ठेव पिशवीत. आगपेटीनं कुणीबी पेटवतो गो."

त्यांची चकमक घरचीच होती: गारगोटीचा दगड, मोडक्या कानशीचा तुकडा आणि बूच लावलेलं बांबूचं नळकांडं. नळकांड्यात भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी येणारी तपकिरी लव, कोळशाची पूड चोळून भरलेली. चिमूटभर लव दगडाच्या धारेवर अंगठ्यानं दाबायची आणि कानशीनं घाव घालायचा. ठिणगी लवेत धरली की ती काथ्यात ठेवून फुंकायची. गुरांमागे असल्यापासून ते हेच करत आले होते. हात थरथरत, पण दोन्ही सकाळी सहा-सात घावांत चूल पेटली.

तिसऱ्या पहाटे मी त्यांच्या आधी उठले, नळकांड्याचं बूच काढलं आणि नळकांडं उघड्या खिडकीत ठेवलं. बाहेर दाट धुकं होतं. ते उठायच्या आत बूच पुन्हा लावलं.

त्यांनी चाळीसेक घाव घातले. ठिणग्या पडत होत्या, लव धरत नव्हती. त्यांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली.

"सर्दावलीय."

"हवाच तशी आहे, आबा. आता निघायचं का?"

"हात कुठं चुकला? माल चुकला. कोयती घे."

मी घरामागच्या भेरली माडाची लव खरवडून आणली. पानाच्या आवरणाआड असल्यानं ती फारशी भिजली नव्हती, पण दमट होती. सुकवायला ऊन नव्हतं, विस्तव नव्हता. वडिलांनी ती फडक्यात बांधून माझ्याकडे दिली.

"पोटाशी बांध. माझ्या अंगात आता तेवढी ऊब नाय."

दिवसभर ती पुरचुंडी मी साडीआड बांधून वावरले. आम्ही पाण्यात भिजवलेले पोहे खाल्ले. दुपारनंतर त्यांना हुडहुडी भरली. मी आगपेटी काढली, तेव्हा त्यांनी गोधडीतूनच हात हलवून नको म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा दगड धरला. नवव्या घावाला लवेत लाल ठिपका दिसला. त्यांनी तो माझ्या ओंजळीतल्या काथ्यावर ठेवला. फुंकायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेना. मी नुसती बसून राहिले असते तरी ठिपका विझला असता आणि सकाळी आम्ही पायवाटेला लागलो असतो. ते खोकता खोकता माझ्या हातांकडे बघत होते.

मी फुंकलं.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "तुमच्या हातानं नाही पेटली, आबा."

"ठिणगी कुणी पाडली?"

"तुम्ही. पण फुंकलं मी."

"म्हंजे अर्धी माझी. अर्धी चूल पेटती ठेवून कोण घर सोडतो काय?" ते हसले. "उद्यापासून फुंकायला तू हायस."

सकाळी ठिणगी त्यांनी पाडली, फुंकलं मी. मग फोनला रेंज येते त्या टेकाडावर जाऊन मी घरी फोन लावला.

"आबा तयार झाले?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. आणि आता मलाही निघता येणार नाही."

"का? पायवाट गेली?"

"नाही," मी म्हटलं. "पायवाट आहे."