भावजींचा हुडवा

माझ्या धाकट्या दिरासारखा विस्तवाचा लोभी माणूस आमच्या निपाणी भागात दुसरा सापडायचा नाही. लोकांना पैशाचा लोभ असतो, जमिनीचा असतो, ह्याला जळणाचा. शेजारणीची चूल नुसतीच ढणढणताना दिसली की ह्याच्या पोटात तुटतं. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, पण मी लग्न होऊन आले तेव्हा हा शेंबूड पुसायला माझ्याकडं यायचा, त्यामुळं इथं तो म्हटलं तरी चालेल.

गॅसचा भाव चढायला लागला तसा हा जास्तच बिघडला. घरातल्या सिलिंडरला त्यानं जुन्या लुगड्याचं झबलं शिवून घातलं आणि कोपऱ्यात नव्या नवरीसारखा बसवून ठेवला. पाहुणा आला तरच तो पेटवायचा. चहा उतरला की गरम बर्नरवर पापड ठेवायचा. पापड काही भाजायचा नाही. मी हसले की म्हणायचा, "वैनी, भाजत नसंल, पर सादळत तरी न्हाय." उन्हाळ्यात कुणाच्या लग्नात आमरसाची पंगत उठली की हा पिशवी घेऊन कोया गोळा करायला वाकायचा. वाळलेली कोय चांगली जळते, हे खरं. पण नवरीकडची माणसं बघत राहायची. एकदा नवरीच्या मामानं हटकलं, तर म्हणाला, "रस तुमी खाल्लासा, कोया आमी न्हेताव. भांडान कशाला?"

थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की घरातला बंब बंदच. हा डोक्याला टॉवेल गुंडाळून, पाण्याचा हंडा खांद्यावर घेऊन मळ्यातल्या गुऱ्हाळाकडं निघायचा. गुळाच्या काहिलीखाली चुलवाण धडधडत असायचं, त्याच्या कडेला हंडा टेकवायचा आणि उसाच्या आडोशाला अंघोळ उरकायची. गुऱ्हाळवाला विचारायचा, "आण्णा, गूळ न्यायला आलासा का अंघोळीला?" "गूळ बाजारात इकत मिळतोय की रं. कढत पानी कोन इकतंय?" अंघोळ करून हा घरी यायचा तेव्हा अंगाला काकवीचा वास आणि मागं माश्या. त्या त्याला दारापर्यंत पोचवून परत जायच्या.

पण त्याचा खरा जीव होता हुडव्यात. शेण्या, म्हणजे गोवऱ्या, गोल रचून वरून शेणानं लिंपून टाकतात, आत पाणी शिरत नाही, त्याला आम्ही हुडवा म्हणतो. कुणी वर्षाचं जळण म्हणून रचतं. ह्यानं रचला होता तो स्वतःच्या मयतासाठी. माझी जाऊ, ह्याची बायको, भर पावसात गेली. लाकडं ओली, भाव चढलेला, आणि माणसं छत्र्या धरून जळणाच्या टेम्पोची वाट बघत मसणात उभी. ह्याच्या मागं दोघं जण लाकडाचा भाव काय झालाय ते बोलत होते. ह्यानं ते ऐकलं. घरी आल्यावर जेवला नाही, एवढंच म्हणाला, "वैनी, माझ्या टायमाला कुनी भाव काढाय नको." दुसऱ्या महिन्यापासून शेण थापायला बसला. आमच्याकडं हे बायकांचं काम, लोक हसले. हा थापत राहिला. तीन वर्षांत गोठ्यामागं त्याच्या उंचीचा हुडवा झाला. होळीला पोरं शेण्या पळवतात म्हणून त्या दिवशी हा हुडव्याला पाठ लावून बसायचा. मीच एकदा भाकरीपुरत्या दोन मागितल्या, तर म्हणाला, "माझ्या पायाकडच्या देऊ का डोस्क्याकडच्या?" परत मागितल्या नाहीत.

मग त्याची एकुलती एक पोरगी पहिल्या बाळंतपणाला आली. आली ती श्रावणात, पाऊस धरलेला. आई नाही, तेव्हा सगळं माझ्यावर. बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी, बाजेखाली शेगडी, बाळाला शेक. सव्वा महिना विस्तव थंड होऊन चालत नाही. विजेची कांडी लावावी तर पावसात लाईट नाही. मुलगी झाली त्याच्या आठव्या दिवशी सिलिंडर संपला, दुसरा कधी येईल ते कुणी सांगेना. कोया संपल्या, करवंट्या संपल्या. बाजारात लाकूड ओलं, आणि भाव सुक्याच्या वर.

दहाव्या दिवशी सकाळी विहीणबाई बेळगावहून नातीला बघायला आल्या. नेमकं त्याच वेळी ह्यानं आपली हुशारी केली. कुणाच्या तरी माळ्यावरची तंबाखूची वाळकी धसकटं भारा बांधून आणली आणि बंबात कोंबली. त्याचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, नाकाला तो वास कळतच नाही. बाकीचं घर शिंकायला लागलं. मी शिंकले, बाळंतीण टाके धरून शिंकली, बाळ रडून लाल झालं. विहीणबाई पदर नाकाला लावून बाहेर पडल्या.

"ह्यो काय धूर म्हनायचा, का शिक्षा?"

"धूर कुटं हाय?" हा खरंच विचारत होता.

मी बाळाला उचलून ओट्यावर आणलं. विहीणबाई माझ्याकडं वळल्या. "आक्का, राग मानू नका. उद्या गाडी घिऊन येतो आनि पोरीला न्हेतो. आमच्याकडं बटन दाबलं की पानी."

पोरगी आतून म्हणाली, "मी जानार न्हाय." पण तिच्या आवाजात दम नव्हता.  खरं तेच बाई बोलत होत्या.

ह्यानं डोक्यावर पोतं घेतलं, कोपऱ्यातली पहार उचलली आणि गोठ्यामागं गेला. मी मागोमाग गेले. त्यानं हुडव्याला पहार घातली. वरचा लेप फुटला. आत शेण्या पापडासारख्या कोरड्या.

"भावजी, ह्यो तुमचा न्हवं का?"

"माझाच हाय. म्हनून तर फोडतोय. दुसऱ्याचा फोडला तर मारतील."

"आनि तुमास्नी काय लावायचं?"

"आता मराय सवड कुटं हाय वैनी? पाटी धरा."

कुणी शिंकलं नाही, पाणी तापलं. बाळाला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलं, ती गप्प झोपून गेली. विहीणबाईंनी त्याच विस्तवावरचा चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सव्वा म्हैना झाल्यावरच येतो मग." हुडव्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात.

सव्वा महिन्यात हुडवा जमिनीला लागला. आता नात रांगते, आजोळी आली की बंबाकडंच धावते. आजाचं रक्त, दुसरं काय. आजा गोठ्यामागं पुन्हा स्वतःच्या हुडव्यासाठी शेण थापत बसलाय. हात पूर्वीसारखे चालत नाहीत, ढीग अजून गुडघ्याएवढाही नाही. मला हाका मारतो, "वैनी, या की जरा हात लावाय. तुमचा हात चालतोय." मी त्याच्यापेक्षा मोठी, पण हात माझा अजून चालतो, हे खरं आहे. सकाळभर बसले तर भिंत भरून शेण्या थापीन.

येते, येते म्हणते रोज. अजून एक थापलेली नाही.