लाटण्यावरचा शर्ट

जहाजावर इस्त्री नेऊ देत नाहीत, असं लेकीनं सांगितलं. मी लाटणं उचललं, शर्ट त्यावर घट्ट गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. "बाबा, क्रूझवर लाटणं?" ती हसत सुटली.

हे लाटणं माझ्या मायचं. मी नोकरी शोधत होतो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं, एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या. वाळूजच्या कारखान्यातली माझी मुलाखत मात्र बंद नव्हती. मायनं माझा एकुलता एक पांढरा शर्ट ओल्या हातानं सारखा केला आणि असाच लाटण्यावर गुंडाळून दिला.

"घेऊन जा. भाकरीला लाटणं लागत नाय. नोकरी लागली की पोळ्या करू."

जुना सदरा घालून मी पायीच निघालो. तापल्या डांबराचा वास नाकात बसला होता. कारखान्याच्या फाटकापाशी शर्ट बदलला. एक सुरकुती नव्हती. घाईत लाटणं तेवढं हातातच राहिलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"इस्त्री, साहेब."

ते हसले. मी हसलो नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. माय चूल पेटवत होती. मी लाटणं तिच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "कणीक मळ, माय."