पिवळ्या पिशवीतले गाऊन

लाँड्रीतल्या मावशींचा पारा सकाळपासून चढला होता, आणि त्याला कारण उन्हाळा नव्हता. उन्हाळा होताच म्हणा, हल्ली तो संपायचं नाव घेत नाही. पण मावशींचं डोकं फिरलं होतं ते गाऊनमुळे. वरच्या वॉर्डात धुतलेले कापडी गाऊन गठ्ठ्याने जायचे आणि धुवायला परत यायचे ते मूठभर. बाकीचे काय पाय फुटून पळाले?

आता हे गाऊनचं खूळ काय ते सांगायला हवं. साथीच्या आधी या इस्पितळात सगळे वापरून फेकायचे गाऊन घालत. ते यायचे दूरदेशाहून. साथ आली, तिकडचे कारखाने बंद पडले, जहाजं अडकली, आणि इकडे मोठमोठे डॉक्टर कपाट उघडून बघतात तर आत ठणठणाट! मग कुणाला आठवली? तळघरातली लाँड्री. मावशींनी जुन्या चादरींचे गाऊन शिवून घेतले, उकळत्या पाण्यात धुतले, आणि इस्पितळ त्याच्यावर तगलं. सगळ्यांनी शहाणपणाच्या शपथा घेतल्या. साथ ओसरली, जहाजं सुटली, आणि शपथा गेल्या उडत.

पुन्हा तेच. गाऊन दोन घटका अंगात, मग दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. इस्पितळाच्या भट्टीला एवढं जाळणं उरकत नाही, म्हणून निम्म्या पिशव्या गावाबाहेरच्या कचराडेपोवर. उन्हं तापली की डेपो आपोआप पेटतो, आणि धूर कुठे जातो? मावशींच्या घरात. त्यांची नात खोकून खोकून बेजार झाली होती.

मावशींनी मेट्रनबाईंचं डोकं खाल्लं, खाल्लं, शेवटी त्या एका वॉर्डापुरते कापडी गाऊन वापरून बघायला तयार झाल्या. "उन्हाळाभर बघू. गाऊन परत आले तर सगळीकडे कापडीच. नाही आले तर लाँड्रीला कुलूप," असं त्यांनी साफ सांगितलं होतं. आणि आज त्या बघायला येणार होत्या.

मावशी तणतणत वर गेल्या. त्या वॉर्डातली सिस्टर म्हणजे त्यांचीच लेक.

"गाऊन कुठायत गं?"

"मला काय माहीत? पेशंट बघू की तुझे गाऊन राखत बसू?"

दाराशी पिवळी पिशवी बांधून ठेवली होती. गाठीतून कापडी गाऊनचं हिरवं टोक डोकावत होतं. मावशींनी कपाळावर हात मारला, खाली वाकल्या आणि गाठ सोडून आत हात घालणार, तोच लेक पलीकडच्या खाटेपासून धावत आली.

"आई! हात घालू नकोस त्यात!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मावशींना लेकीचा हा चेहरा ठाऊक होता. लहानपणी काही फोडलं की ती अशीच दिसायची.

"तू टाकतेस?"

"हो. मीच टाकते."

"अगं, माझ्या पोटची तू! मी जगाला शिव्या घालत फिरतेय आणि चोर घरातच?"

"बंद होऊ दे ती लाँड्री!" लेकीचा आवाज फाटला. "साथीत मास्क आम्हाला, हातमोजे डॉक्टरांना, आणि लाँड्रीला काय? साबण! ते गाऊन धुता धुता तू आजारी पडलीस तेव्हा याच वॉर्डात होतीस. श्वास घेता येत नव्हता तुला. मी उभी होते शेजारी. पुन्हा तसं बघायचं नाहीये मला."

"आणि तुझी पोर धुराने खोकते ते?"

"बघते ना! रोज बघते! काय करू सांग. तुला सांभाळू की तिला?"

मावशींना आणखीच राग आला. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या.

"सापडले का गाऊन?"

"ते... माझ्याकडूनच कुठेतरी..." मावशी पुटपुटल्या. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"मी फेकले," लेक म्हणाली. "काय शिक्षा द्यायची ती द्या. यापुढे एकही फेकणार नाही. पण आधी लाँड्रीत हातमोजे, मास्क आणि बूट जाऊ देत. डॉक्टरांच्या आधी."

"डॉक्टर ऐकतील का?"

"मग गाऊन त्यांनी धुवावेत."

मेट्रनबाईंनी भिंतीवरचा हातमोज्यांचा खोका काढून मावशींपुढे धरला.

मावशींनी एक मोजा ओढून बघितला. तो अंगठ्याशीच फाटला. "हे बघा! हेही फेकायचेच! आणि ब्लीचने सुजलेल्या हाताला होतंय का हे? कोपरापर्यंतचे रबरी आणा, धुऊन पुन्हा घालता येतील असे. एवढं कळत नाही का कुणाला?"

मेट्रनबाईंनी खिशातून पेन काढलं. "हाताचं माप काय तुमच्या, मावशी?"

मावशींचा जन्म या इस्पितळाचे कपडे धुण्यात गेला, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले.