केसपेपरात राहिलेलं

केसपेपर वाचण्याआधी बाई त्यावर तळहात ठेवायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "थांबा. हितं काय तरी ऱ्हायलंय."

कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी पंचवीसेक वर्षं काढली होती. मुरगूडहून रोज एसटीनं यायच्या. दोन हजार सालानंतर दवाखान्यात संगणक आले आणि त्यांच्यामागून मी. पेशंटच्या कागदांतल्या सुटलेल्या नोंदी शोधणारा प्रोग्राम मला लिहायचा होता. पहिल्याच दिवशी जुन्या माणसांची गरज संपली असं वाटणारे नवशिके तुम्हीही पाहिले असतील. मी त्यांतलाच.

माझ्या प्रोग्रामनं पहिल्या दिवशी ढीगभर चुका काढल्या. बाईंनी यादी पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"इंजिनेर, पुरुषाच्या कागदावर गरोदरपणाचा रकाना रिकामाच ऱ्हाणार की."

मग त्यांनी एक पूर्ण भरलेला कागद माझ्यापुढं ठेवला. पाच दिवसांचं इंजेक्शन लिहिलेलं, पण तिसऱ्या दिवशी बंद.

"का बंद केलं? अंगावर काय तरी उठलं आसंल. त्ये लिव्हलंच न्हाय. फुडच्या टायमाला परत तेच इंजेक्शन दिलं तर?"

रिकामा रकाना आणि राहिलेली गोष्ट यांतला फरक मला त्या दुपारी कळला. मी प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. बाईंनी तपासलेले कागद त्याला नमुने म्हणून द्यायचे आणि त्यांवरून त्यानं स्वतःच खुणा ओळखायला शिकायचं. पुढचे कित्येक महिने बाई लाल पेन्सिलीनं खुणा करत राहिल्या आणि मी त्या संगणकात भरत राहिलो. त्या काळात कधीतरी त्या मला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणायला लागल्या.

एका पावसाळी सकाळी प्रोग्रामनं चंदगडकडच्या एका बाळंतिणीचा केसपेपर काढला. थुंकी तपासायला पाठवलेली, निकालाची नोंद नाही आणि पेशंट घरी सोडलेली. कागदावर 'तपासलं' अशी बाईंचीच खूण होती.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं कशातही लक्ष लागलं नाही. शेवटी काढून त्यांच्यापुढं धरला.

बाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "खूण माझीच हाय. सुटलं माझ्याकडनं."

त्या तशाच लॅबमध्ये गेल्या. रिपोर्ट तिथंच पडून होता. क्षयाचे जंतू सापडले होते. पत्र पाठवू, असं डॉक्टर म्हणाले.

"पत्र कवा पोचायचं? घरात तान्हं लेकरू हाय. उद्या मीच जातो की."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या गेल्या आणि दिवस मावळायच्या आत त्या बाळंतिणीला आणि तिच्या लेकराला घेऊन आल्या. आईचं औषध सुरू झालं. लेकराला तपासलं, ते ठणठणीत होतं. सगळ्या डॉक्टरांसमोर बाईंनी सांगितलं, "मी सोडलं हुतं. मशीननं धरलं."

नंतर मी त्यांना म्हणालो, "बाई, मी कागद सकाळीच दाखवायला पाहिजे होता."

"दाखवलास न्हवं? मग झालं."

त्या रिटायर झाल्यावर वर्षभर मी फोन करत राहिलो, मग कामाच्या गडबडीत तो सुटला. त्या गेल्याचं मला दोन महिन्यांनी समजलं. मुरगूडला गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बाईंचा फोटो होता. त्यांच्या मुलानं चहा दिला आणि माझं नाव विचारलं. मी सांगताच तो माझ्यासमोर येऊन बसला.

"व्हय काय? आई सांगायची, माझ्या हाताखाली दोघं शिकली. एक इंजिनेर आन् एक त्येची मशीन."

मी विचारलं, "आणि त्यातलं हुशार कोण?"

"त्ये इचारलं की नुसतीच हसायची."