दादाजी फिटरची फिरतीची वही

नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत फुकट प्रवासाचा पास सगळ्यांच्याच हक्काचा होता, पण तो वापरायची हिंमत फार थोड्यांत होती. वर्षाचा पास बहुतेक जण सासुरवाडीला जाण्यात संपवायचे. देशभर धावणारे डबे आपल्या हातांनी दुरुस्त करायचे आणि स्वतः वर्धेच्या पुढे जायचं नाही, याची कुणाला लाजही वाटत नसे. दादाजी बावनकर नावाच्या फिटरला ती वाटली. त्याचं मोठेपण इथूनच सुरू होतं, असं माझं मत आहे.

१९६६ साली त्याने सीताबर्डीच्या एका स्टुडिओतून जुना डब्बा कॅमेरा घेतला. एका रोलात बारा फोटो निघायचे. त्या वर्षी तो आणि बायको इंदूबाई पुरीला जाऊन आले. आल्यावर त्याने जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, खळीने फोटो चिकटवले आणि शेजारी मजकूर लिहिला. पहिल्या फोटोत इंदूबाईला डोकं नव्हतं, दुसऱ्यात देवळाला कळस नव्हता. बाकीच्यांत सगळं होतं, पण इतकं लांब, की इंदूबाई कोणती आणि नारळाचं झाड कोणतं ते तिलाच बोट ठेवून सांगावं लागे. मजकूर असा होता: 'समुद्र पाहिला. फार मोठा आहे. देऊळ पाहिले. फार जुने आहे.'

शेजारच्या क्वार्टरमधल्या शोभाताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी वही वाचली आणि तोंडावर सांगितलं, की एवढं तर चौथीच्या भूगोलातही असतं, तुम्ही स्वतः काय पाहिलं ते लिहा. दादाजीचा पारा चढला. दोन दिवस तो शोभाताईंच्या दारावरून मान वळवून गेला. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आला, हात धुतले आणि सगळं नव्याने लिहायला बसला. गाडी बदलताना प्यायच्या पाण्याचा नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे, धर्मशाळेचा मुनीम आधी काय विचारतो, इंदूबाई लाटेला भिऊन पळाली तेव्हा तिची चप्पल कशी वाहून गेली आणि पुढच्याच लाटेने कशी परत आणून टाकली, हे सगळं त्यात आलं. त्या चपलेसाठी लोकांनी वही घरोघर नेली.

मग दादाजी शिकतच गेला. सूर्य पाठीशी घ्यायचा, खटका दाबताना श्वास धरायचा, माणसाच्या जवळ जायचं. वहीचं डावं पान तो वाचणाऱ्यांसाठी कोरं सोडायचा. तिथे कुणी शंका लिही, कुणी 'आम्हीही जाऊन आलो, नळ बंद आहे' असं कळवी. दादाजी ते तपासून उजवीकडे दुरुस्ती करायचा. चार वर्षांत त्या वहीच्या भरवशावर क्वार्टरांतली नऊ कुटुंबं काशी, द्वारका, कलकत्ता करून आली. सातवी शिकलेल्या माणसाचं हे काम, आणि तेही कुणी न सांगता.

पण कौतुकाची चटक वाईट. १९७१ साली इंदूबाईची आई कळमेश्वरला अंथरुणाला खिळली. दादाजीची पंधरा दिवसांची रजा तिथेच सेवेत गेली. परत आले तर पेटी अजून खाली ठेवली नव्हती, तोच लोक जमले आणि या साली कुठं म्हणून विचारू लागले. खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण दादाजीच्या तोंडून "रामेश्वरम" निघून गेलं. इंदूबाई पेटी तिथेच टाकून आत निघून गेली.

दादाजीने सीताबर्डीच्या फुटपाथवरून रामेश्वरमची तीन चित्रं विकत आणली, रेल्वेच्या शेडमधल्या एकाच्या मेव्हण्याकडून ऐकीव माहिती घेतली आणि चार पानं लिहून काढली. भाषा आता हातात बसली होती, त्यामुळे खोटंही झकास उतरलं. त्यात एक ओळ होती: 'मद्रासला उतरून तिथेच थांबावे, रामेश्वरमची गाडी त्याच स्टेशनातून मिळते.'

शेडमध्ये फिटरांच्या हाताखाली असलेल्या कवडू खलाशाची आई कौशल्याबाई हिने ती पानं मुलाकडून दोनदा वाचून घेतली. तिच्या देव्हाऱ्यात काशीहून आणलेली गंगेची सीलबंद लोटी सहा वर्षं होती. ते पाणी रामेश्वरला वाहिलं की काशीयात्रा पुरी होते, आणि म्हातारीचं तेवढंच एक मागणं उरलं होतं. पुढच्या वर्षी कवडू पास काढून आईला घेऊन निघाला. दहाव्या दिवशी दोघं परत आले, लोटी जशीच्या तशी.

मद्रासला दोन मोठी स्टेशनं आहेत आणि रामेश्वरमची छोट्या लाइनची गाडी दुसऱ्या स्टेशनातून सुटते, हे न गेलेल्या माणसाला काय ठाऊक? मायलेक दीड दिवस फलाटावर बसून राहिले. एक हमाल कवडूचा हात धरून बाहेरचा रस्ता दाखवत होता, पण कवडूला तो लबाड वाटला, कारण वहीत तसं नव्हतं. म्हातारीला ताप भरला, तो उतरेपर्यंत रजा सरत आली, आणि दोघं उलट्या गाडीत बसले.

कवडू भांडायला आला नाही. तो एवढंच म्हणाला, "आमचंच काही चुकलं असन गा. तुह्या वहीत तं बरोबरच असन."

दादाजी त्या रात्री जेवला नाही. सकाळी त्याने खोट्या पानांवर लाल शाईने आडवं लिहिलं, 'हे सर्व खोटे आहे. मी रामेश्वरमला गेलो नाही. दादाजी बावनकर.' मग वही काखेत मारून तो एकेका क्वार्टरची कडी वाजवत गेला आणि ती पानं प्रत्येकाला स्वतः दाखवली. काही हसले, काहींनी त्यानंतर वही मागणं सोडलं. ज्याला आपली चूक झाकायला ती चार पानं फाडली तरी पुरलं असतं, त्याने ती अशी दारोदार नेली. मला तरी एवढी छाती नाही. कौशल्याबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्यासमोर बसून त्याने तोंडाने सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

वर्षभर ती दादाजीशी बोलली नाही. १९७३ साली पासाचे दिवस आले तेव्हा तिनेच कवडूला धाडून दादाजीला बोलावलं. ती आता खाटेवरून उठत नव्हती. तिने लोटी त्याच्या हातात ठेवली. दादाजीने विचारलं, "मावशी, माह्यापाशी काहून देता?"

"एक डाव तू न जाता मले रामेश्वरमले नेलं," ती म्हणाली. "आता जाऊन ने."

दादाजी गेला. मद्रासला त्याने लोटी छातीशी धरून एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता पायी तुडवला आणि प्रत्येक वळणाचा फोटो घेतला. बारांतले आठ फोटो त्या रस्त्यावरच संपले. लोक देवळं टिपायला जातात. याने पाट्या, नाके आणि छोट्या लाइनचा डबा टिपला, म्हणजे पुढे कुणाची म्हातारी फलाटावर बसून राहू नये. उरलेले चार रामेश्वरमच्या वाटेवरच्या पुलावर आणि समुद्रावर गेले. देवळात कॅमेरा बाहेर ठेवावा लागला. पुजाऱ्याने लोटी आत नेली, सील फोडलं आणि दादाजीच्या डोळ्यांदेखत पाणी पिंडीवर सोडलं.

नागपूरला उतरला, रोल धुवून घेतला आणि तो थेट कवडूच्या घरी गेला. खाटेशी बसून त्याने वही उघडली. म्हातारी फोटो पाहत होती, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. शेवटच्या फोटोनंतर तिने विचारलं, "पाणी?"

खोट्यासाठी त्याने तीन चित्रं चिकटवली होती, आणि खऱ्यासाठी आज हातात काहीच नव्हतं. हिने काहून विश्वास ठेवावा?

"वाहिलं, मावशी. पण त्याचा फोटो नाही. आत काढू देत नाहीत."

कौशल्याबाईने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"फोटो कोनं मागतला गा? तू सांग. मी आयकून राहिली."

दादाजीने वही मिटली आणि सांगायला सुरुवात केली.