सातवं ब्राऊन

फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि १९९७ साली शारजाला आलो. एका बांधकाम कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली. अल मजाजला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, मागून बायको आणि मुलगी आल्या. ही माझी शेवटची पोस्टिंग असं मी धरतो. तिच्यातली तीन वर्षं दर शुक्रवारी सकाळी मी गोल्फ खेळलो. मला गोल्फ आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हतं.

कोर्स वाळवंटात होता. गवताची काडी नाही. प्लॅस्टिकच्या हिरवळीचा पायपुसण्याएवढा तुकडा प्रत्येकाने आपल्याबरोबर वागवायचा. खुंट्यांनी आखलेल्या पट्ट्यात चेंडू पडला तर तो तुकड्यावर ठेवून मारायचा. पट्ट्याबाहेर गेला तर जिथे असेल तिथून, मग खाली दगड असो की उंटाच्या लेंड्या. गवताच्या कोर्सवर भोकाभोवती ग्रीन असतं, इथे ब्राऊन. म्हणजे तेल मिसळून रोलरने दाबलेली वाळू. चेंडू भोकात गेला की झाडू फिरवून पावलं पुसायची आणि पुढे जायचं.

नऊ होलना मला ऐंशीच्या आसपास फटके लागत. सातवा होल सर्वांत वाईट. डावीकडे ओढा होता, कोरडा, गोट्यांनी भरलेला. माझा चेंडू दर शुक्रवारी त्यातच जायचा. दुसरा चेंडूही त्याच्याच मागे.

माझ्याबरोबर मेजर रणदिवे असत. मी हवालदार होतो तेव्हा ते आमचे कंपनी कमांडर. आता दुबईत एका ट्रेडिंग फर्मचे जनरल मॅनेजर. त्यांना ऑफिसात गाठणं अशक्य होतं, घरी पार्ट्या असत. एकटे सापडत ते फक्त इथे, म्हणून मी त्यांच्याच जुन्या काठ्यांचा सेट घेऊन खेळायला लागलो.

"बाबा, यू डोन्ट इव्हन लाइक गोल्फ," मुलगी म्हणायची.

"साहेबांकडे काम आहे."

"थ्री इयर्स?"

काम एका सहीचं होतं.

शारजाला आल्यावर पहिल्याच वर्षी मला इंदूबाई खोत यांचं पत्र आलं. त्यांचं गाव माझ्या गावापासून आठ मैलांवर. त्यांचे यजमान मारुती खोत माझ्या सेक्शनमध्ये सॅपर, म्हणजे इंजिनिअर पलटणीतले जवान, होते. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "गावात म्हणतात, सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन उन्हात पडले. ते कामावर होते एवढं लिहून द्या. मला दुसरं काही नको."

खोत दारू पीत नव्हता. पण कागदावर तो सुट्टीवरच होता. तो कागद मी लिहिला होता.

तेव्हा आम्ही राजस्थानात होतो. छावणीत साहेबांचा नऊ होलचा वाळूचा कोर्स होता. मे महिन्यात वरचे साहेब येणार होते, सोमवारी सामना ठरला. रविवारी मेजर साहेबांनी तोंडी हुकूम दिला, "साळुंखे, आठ माणसं घे. ब्राऊन आरशासारखी पाहिजेत." लेखी ऑर्डरमध्ये ही फटीग, म्हणजे अंगमेहनतीची ड्यूटी, नव्हती. रविवारी ती लावताच येत नव्हती.

ब्राऊन करण्यात खोतचा हात धरणारा कोणी नव्हता. उंच माणूस, वय सव्वीस. तेल किती घालायचं ते वाळू मुठीत धरून सांगायचा. झाडू भोकापासून बाहेर, गोल गोल फिरवायचा. मला त्यानेच शिकवलं. गोल्फला तो साहेबांचं विटीदांडू म्हणायचा.

"उस्ताद, एवढी जमीन नि एक दाणा पेरायचा नाही? आमच्याकडं असती तर शाळू काढला असता."

"तोंड बंद, रोलर चालू."

"रोलर चालूच हाय. तोंडाला पेट्रोल लागत न्हाई."

दुपारी एक चाळीसला तो सातव्या ब्राऊनवर तोंडावर पडला. गालाला तेलकट वाळू चिकटली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही. मी फील्ड टेलिफोनवरून दवाखान्याला कळवलं.

"ॲम्ब्युलन्स पाठवा. गोल्फ कोर्स, सातवं ब्राऊन."

"कुठे?"

"गोल्फ कोर्स."

"आज रविवार आहे, हवालदारसाब."

"माहीत आहे. पाठवा."

गाडी दोन पंचवीसला आली. पाचच्या आत खोत गेला.

संध्याकाळी मेजर साहेबांनी मला बोलावलं. "फटीग ऑर्डरमध्ये नाही. लिहून दे, सॅपर खोत स्वतःहून गेला होता." मी लिहिलं आणि सही केली. सोमवारी सामना झाला.

इंदूबाईंचं पत्र आल्यावर मी नवा कागद तयार केला. साहेबांच्या तोंडी हुकमावरून खोत कामावर होता, असा. त्यावर साहेबांची सही हवी होती. पहिल्या शुक्रवारी, पहिल्याच होलवर मी विषय काढला.

"साहेब, त्या खोतच्या कागदाचं..."

"बॅकस्विंगमध्ये बोलायचं नसतं, साळुंखे."

नंतर नववा होल झाल्यावर बोलू म्हणाले. नववा झाल्यावर चहा झाला. चहानंतर त्यांचा फोन वाजला. गाडीत बसताना काच खाली करून म्हणाले, "यल्ला, नेक्स्ट फ्रायडे." असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. ते चेंडू घालून पुढे चालू लागायचे. मी मागे राहून झाडू मारायचो, मग पळत त्यांना गाठायचो. घरी येऊन बुटातली वाळू बाल्कनीत झटकताना स्वतःची चीड यायची.

तिसऱ्या वर्षी, हिवाळा सरताना, सातव्याला मी दोन चेंडू ओढ्यात घालवले. तिसरा कसाबसा ब्राऊनवर आणला. साहेबांचा चेंडू भोकापासून हातभर होता. मी जाऊन भोकावर पाय ठेवला.

"पाय काढ."

"नाही, साहेब. आज सही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणालो. मागे चौघे जण खोळंबले होते. त्यांच्यातला एक ओरडला, "अरे हबीबी, खलास करो!"

साहेबांनी कागद घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला.

"हुकूम मी दिला, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण तुझं जुनं स्टेटमेंट मला अजून पाठ आहे. 'सकाळी भेटला तेव्हा तब्येत ठीक होती.' हे वाक्य मी तुला सांगितलं नव्हतं."

मी भोकावरचा पाय काढला.

"तो आजारी होता?"

"होता, साहेब."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मला कळलं असतं तर मी त्याला काढला असता, साळुंखे. हे तुला ठाऊक आहे." त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "माझी सही कशाला मागतोस? आधी तुझी कर."

त्या दिवशी झाडू साहेबांनी फिरवला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते असं. त्या रविवारी सकाळी दहाला खोत माझ्याकडे आला होता. म्हणाला, "उस्ताद, अंगात कसकस हाय. सिक रिपोर्ट करू का?" मी म्हणालो, "रविवारी कसला सिक रिपोर्ट? सातवं ब्राऊन संपव, मग जा." तो "संपवतो" म्हणाला आणि गेला. मला साहेबांची सही साक्ष म्हणून नको होती. माझ्या नावाला आडोसा म्हणून हवी होती. ती मिळत नाही म्हणून तीन वर्षं मी त्यांच्यावर चरफडलो, आणि तिकडे एक बाई गावाचं बोलणं ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहिलं, माझ्या दहा वाजताच्या हुकमासकट. एक प्रत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, एक इंदूबाईंना. रेकॉर्ड ऑफिसकडून प्रकरण विचाराधीन असल्याचं उत्तर आलं. ते अजून तिथेच आहे. मेजर साहेबांनी गुरुवारी फोन केला, "येतोस ना उद्या?" मी नाही म्हणालो. सेट परत पाठवला. त्यांनी सही केली नाही. आता मी ती मागत नाही.

इंदूबाईंचं दोन ओळींचं पत्र आलं. "कागद देवळापुढे सगळ्यांसमोर वाचून घेतला. तुमचं नावही वाचलं."

त्यानंतर रजेवर असताना त्या गावावरून मी दोनदा एसटीने गेलो. उतरलो नाही.

सॅपर मारुती ज्ञानू खोत लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कोणत्याही दगडावर नाही. मी पाठवलेल्या कागदाच्या शेवटच्या ओळी इथे उतरवतो. "सॅपर खोत दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या हुकमावरून कामावर असताना पडला. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी सातवं ब्राऊन तपासलं. ते पूर्ण झालं होतं."