जॉयस्टिकमधली अक्षता

मंडळी, दुपारी मी इथं बोंब मारली होती की कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कोल्हापूर भागाचं नवीन अ‍ॅड-ऑन टाकल्यापासनं विमान डावीकडं ओढतंय. ती पोस्ट विसरा. अ‍ॅड-ऑन ठणठणीत हाय.

आमचे आबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. गगनबावड्याचा घाट वरनं कसा दिसतो ते बघायला आज दसऱ्याचं पहिल्यांदाच फ्लाइट सिम्युलेटरवर बसले. विमान उडालं आणि डावीकडं कलायला लागलं.

"आबा, सरळ धरा की!"

"सरळच धरलंय रं."

विमान आपटलं, तसा मी फाडकन बोललो, "तुम्हाला जमत न्हाई. उठा."

ज्या माणसानं त्या घाटात धुक्यात-पावसात आयुष्यभर गाडी चालवली, त्याला हे बोललो. ते उठले.

मी बसलो, तर माझंही विमान डावीकडंच. तेव्हाच ती पोस्ट टाकली. अ‍ॅड-ऑन काढून परत टाकलं, काही फरक नाही. शेवटी जॉयस्टिक उलटी करून झटकली, तर दांड्याच्या बुडातनं कुंकवानं माखलेले तांदूळ पडले.

काल खंडेनवमीला आबांनी तिची पूजा केलती. एसटीच्या स्टेअरिंगची करायचे, तशीच.

संध्याकाळी सोनं देऊन त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, "बसा की आबा, आता विमान सरळ जातंय."

"नगं बाबा," ते म्हणाले, "मला जमत न्हाई."

माझंच वाक्य. ते आता परत कसं घेऊ, सांगा की कुणीतरी.